मोतीरामदादाला न देता आलेलं उत्तर

बैहरच्या स्टँडवर मी तिकिटं फाडत होतो, तेवढ्यात बालाघाटहून आलेली गाडी समोर थांबली. तिचा ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. खिडकीतूनच म्हणाला, "मोतीराम गेला गा, सकाळी." मी हातातलं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, कुठं जायचं? तो म्हणाला, लालबर्रा. आमची गाडी बालाघाटपर्यंतच जाते, तरी मी त्यालाही तिकीट फाडून दिलं...

त्याला आता सव्वा महिना झाला. आमच्या गाडीवर नऊ वर्षं मोतीरामदादा ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. माणूस सही करण्यापुरता शिकलेला, पण घाटातलं प्रत्येक वळण त्याला तोंडपाठ. रोज दोन कट्टे बिड्या लागायच्या. पुढे खोकला एवढा वाढला की खोकताना तो स्टेअरिंगवर वाकायचा आणि मागं बायाबापड्या देवाचं नाव घ्यायच्या. एकदा गाडी दरीच्या कडेला गेली, तेव्हा कौसल्यावहिनींनी, त्याच्या बायकोनं, मला घरी बोलावलं. "भाऊजी, यायले नागपूरले न्या. माहं नाई आयकत." मी नेलं. छातीच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि शेजारच्या खोलीतल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. दादा दारातच अडला. "मी पागल हावो का?"

बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी विचारलं, बिडी पेटवायच्या आधी मनात काय येतं? दादा म्हणाला, "मनात काई नाई येत जी. हातच जाते." बाई हसल्या. म्हणाल्या, हात जायच्या आधी मन काहीतरी बोलतंच, ते ऐका, कुणाकडून तरी लिहून घ्या, ते खरं आहे का तपासा आणि खाली उत्तर लिहा. तो कुणीतरी अर्थातच मी. तिकिटांच्या थैलीत एक वही आली. दादा गाडी चालवता चालवता सांगायचा, मी त्याच्या मागं उभा राहून लिहायचो. 'घाटात बिडी नसली तर डोळा लागते.' दोन दिवस विचार करून त्यानंच उत्तर दिलं, "लिव, बिडी पेटवाले एक हात सोडा लागते, तवाच तं गाडी जाते दरीत." 'बिडीबिगर पोट साफ होत नाई.' त्याचं उत्तर वहिनींनी दिलं, आणि ते मी वहीत लिहिलं असलं तरी इथं लिहिण्यासारखं नाही. आधी घाटातली बिडी सुटली, मग जेवणानंतरची, मग पहाटेची. पाच महिन्यांत सगळीच सुटली. वहिनी शेजारणींना सांगत सुटल्या होत्या, "आता यायच्या सदऱ्याले साबणाचा वास येते."

पुढच्या पावसाळ्यात त्याच वहिनी चार दिवसांच्या तापानं गेल्या. वैनगंगेच्या काठावर चिता पेटली. माणसं बाजूला बसली आणि रिवाजाप्रमाणे बिड्या फिरल्या. एका नातेवाइकानं दादासमोर बिडी धरली. दादानं ती घेतली नाही. उठून माझ्याकडे आला.

"शामराव, वही हाय?"

होती. सवयीनं खिशातच होती.

"लिव. जिच्यासाठी सोडली थेच गेली, आता काहून? आन् खाली उत्तर लिव."

वरची ओळ मी लिहिली. खाली पेन्सिल टेकवली, आणि काही म्हणजे काहीच सुचेना. पोरीसाठी लिहावं, तर पोर लग्न होऊन बिरश्याला गेलेली. तब्येतीसाठी लिहावं, तर त्या जागी तो शब्द लिहायची लाज वाटली. दादा वाट पाहत उभा होता. खरंच वाट पाहत होता... मग म्हणाला, "नाई सुचत ना?" आवाजात राग नव्हता. परत गेला आणि त्यानं ती बिडी घेतली.

त्यानंतर मी काड्यापेट्या लपवल्या, भांडलो, आठवडाभर अबोला धरला. "सवाल-जवाब राहू दे गा आता," एवढंच तो म्हणायचा. फक्त घाटात त्यानं पुन्हा कधी पेटवली नाही. खाली सपाटीला लागलो की पेटवायचा. दीड वर्षानं खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तेव्हा पुन्हा नागपूर. बाईंनी वही मागितली. शेवटचं पान वाचलं. मग मला म्हणाल्या, "उत्तर सुचलं नाही, तेव्हाच त्यांना घेऊन यायचं होतं." सुचलं नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं असतं, हे मला कुठं ठाऊक होतं? छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि खाली ठेवत म्हणाले, आता यांना घरीच ठेवा.

आता गाडीवर नवा ड्रायव्हर आहे. पोरगा चांगला आहे, बिडी ओढत नाही. पण ड्रायव्हरची सीट दादाच्या बसण्यानं डाव्या अंगाला खोल दबली आहे, आणि हा बारीक पोरगा तिच्यात कलंडतो. खाली घोंगडी दुमडून घेतो. "शामरावजी, सीट भरवा दो ना," असं त्यानं तीनदा सांगितलं. मालकांनीही होकार दिला आहे. मी दर वेळी म्हणतो, हौ, शनिवारी नेतो. शनिवार येतो, गाडी धुवून होते, सीट भरणाऱ्याचं दुकान समोरच उघडं असतं... आणि मी घोंगडी नीट दुमडून परत ठेवतो.