शतावरीला आवतण

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षरही ओळ सोडून खाली उतरतं, त्याची माफी असावी. तसं हे कुणाला दाखवायचं नाही. पण ती वेल मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

धाकटी झाली तेव्हा मला दूधच पुरेना. थोरलीच्या वेळी पदर भिजायचा, त्यामुळं घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि मला सांगायची लाज. लेकरू ओढून ओढून दमायचं, रडायचं आणि मूठ चोखत झोपून जायचं. एक दिवस जावेनं पाहिलं. तिनं बचत गटातून स्वतःच्या नावावर पैसे उचलले आणि नर्सबाईंना विचारून दुधाचा डबा आणला. तो संपला की दुसरा आणला. नर्सबाई म्हणाल्या, डबा द्या, पण अंगावर पाजायचं सोडू नका. मी पाजत होते. दूध थेंब थेंब यायचं आणि पोरीचं वजन काही वाढत नव्हतं.

सव्वा महिन्यानं चाची मला बांगड्या भरायला आली. चाची म्हणजे आमच्या गावातली म्हातारी बांगडीवाली. माझा हात दाबून बांगडी चढवताना तिची नजर लेकराकडं होती.

"ही मूठ का चोखती? दूध न्हाय व्हय?"

मी मान खाली घातली. बांगड्या भरून होईपर्यंत तिनं पुन्हा विचारलं नाही. उठताना म्हणाली, "उद्या सांजच्याला माळावर चल. शतावरीला आवतण द्यायचंय. न विचारता मुळी उपटली तर गुण येत न्हाय. अन् ज्याला गरज त्यानंच विचारायचं असतं."

माळावर सगळी खडकाळ जमीन. एका बोरीच्या झुडपावर ती वेल चढली होती. पानं कसली, नुसते हिरवे केस. सरपणाला जाताना हिचे काटे मला कितीदा बोचले होते, आणि मी शिव्या देऊन पुढं गेले होते. बुडाशी हळद लावलेले तांदूळ आणि सुपारी ठेवली.

"तू तुझ्या देवाचं नाव घे, मी माझ्याचं घेते," चाची म्हणाली. "मग काय पायजे ते सांग तिला."

मी ओठ हलवले.

"शेजारी बसून मला ऐकू आलं न्हाय, तिला मातीखाली कसं जाईल?"

जाऊ लेकरू घेऊन मागं उभी होती. ती म्हणाली, "चाची, हिनं लग्नात नावबी असंच घेतलंय. नवऱ्याचं नाव काय ते गावाला अजून कळलं न्हाय."

मग मी मोठ्यानं म्हणाले, "माझ्या लेकराला दूध पुरंना. उद्या तुला न्यायला येते. माझ्यासंगं चल."

हे मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आता माळावर मोठ्यानं बोलून बसले.

सकाळी चाचीनं खुरप्यानं माती उकरली. वरची वेल माझ्या करंगळीहून बारीक, आणि खाली पांढऱ्या, भरदार मुळ्यांचा घोस, दुभत्या म्हशीच्या सडांसारखा. एक मुळी मोडली तर पाणी सुटलं. वर माती भाकरीसारखी कोरडी, आणि हिनं आत एवढी ओल धरून ठेवलेली. मला हात लावायचा धीर होईना. चाचीनं निम्म्याच मुळ्या घेतल्या, बाकीच्यांवर माती ओढली आणि तांब्याभर पाणी घातलं. "जिला बोलावलं तिचं घर मोडू नये," म्हणाली.

घरी मुळ्या धुतल्या, सोलल्या, मधली शीर ओढून काढली आणि पाट्यावर वाटून दुधात खडीसाखर घालून उकळल्या. चाची पैसे घेईना. "औषधाचे घेतले तर हाताचा गुण जातो. बांगड्याचे तेवढे दे." जाता जाता सांगून गेली, "मुळी एकटी काय करंल? पोरीला पाजत ऱ्हा."

मी दोन्ही करत राहिले. एका दुपारी धाकटी पीत होती आणि मला तिच्या घशाचा आवाज आला, गटगट, गटगट. मी श्वास रोखून ऐकत बसले. चोळी दुसऱ्या बाजूनं ओली झाली होती. मुळीनं दूध आलं की पाजत राहिल्यानं, ते मला सांगता यायचं नाही. पण तेव्हापासून माळावरून जाताना पाय जपून पडतो. खाली कोण काय साठवून बसलंय, आपल्याला काय ठाऊक.

डबा बंद झाला. पावसाळ्यात मी खुरपणीला जाऊ लागले. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधायची, पोर उठली की पाजून यायचं. दर बाजाराच्या दिवशी मजुरीतले पैसे खालमानेनं जावेच्या हातावर ठेवायचे. ती न मोजताच कमरेला खोचायची. दिवाळीच्या आधी शेवटचे दिले तेव्हा मात्र मोजले आणि म्हणाली, "फिटले बाई तुझ्या डब्याचे सगळे. आता माझ्याकडं बघून बोलत जा."

मी बघितलं. तिच्याच डोळ्यांत पाणी होतं. पैसे घेऊन ती गटात भरायला गेली.