कासमभाईंनी हँडल मारलं

"अब्बांची लघवी सकाळपासून बंद हाय, अन् तुमाले बोलवू नका म्हनून राह्यले," कासमभाईंची सून दवाखान्याच्या दारातूनच म्हणाली.

साठच्या दशकात मी पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर होते. दुसरे डॉक्टर रजेवर होते. कासमभाई हायवेवरचे ट्रक मेकॅनिक. नुकतंच नागपूरला त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असणारी ग्रंथी. उतारवयात ती फुगते आणि वाट अडवते. तेव्हा पोट उघडूनच ती काढत. आता ते घरी विश्रांती घेत होते, असा सगळ्यांचा समज होता.

मी बॅग घेऊन निघाले. कासमभाई खाटेवर वाकून बसले होते, कपाळावर घाम. मला बघताच त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"बाई, तुमी बायांच्या डाक्टर. माह्या सुनेचं बाळंतपण केलं, लई उपकार झाले. आता वापस जा."

"मग नागपूरला जायचं? तोवर दम धरवेल?"

तेवढ्यात कळ आली आणि ते खाटेची कड धरून वाकले. त्यांची बायको हाजराबी पुढे झाली.

"नागपूर में सबने देखा, तब इज्जत किदर गई थी?"

"वो मर्द थे!"

"अच्छा? मरने के बाद बी मर्द ढूँढूँ क्या?" म्हणत तिने चादर ओढून घेतली.

मी पोट चाचपलं. पिशवी बेंबीपर्यंत तट्ट फुगली होती.

"लघवीतून रक्त गेलं होतं?"

"काल. जरासं."

"काही जड उचललंत?"

"अल्लाकसम, टाचनी उचलली नाही."

"उचललं नाही," हाजराबी म्हणाली, "ट्रकचं हँडल मारलं."

त्या काळी ट्रकच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून, अंगातलं सगळं बळ लावून इंजिन चालू करत.

"हँडल फिरवतेत बाई," कासमभाई कण्हत म्हणाले. "उचलत नाहीत."

जोर लागून आतली ओली जखम सुटली होती आणि रक्ताची गुठळी वाटेत बसली होती. मी चुलीवर कॅथेटर उकळला. कॅथेटर म्हणजे लघवी काढायची रबरी नळी. खरं सांगायचं तर कॉलेज सुटल्यापासून पुरुषाला ती घालायची वेळच आली नव्हती. जरा जोर केला असता तर कच्ची जागा फाटली असती. मी सावकाश नळी सरकवली. सिरिंजने सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, आत सोडलं, ओढलं. काही नाही. पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. मग एक काळी गुठळी सिरिंजमध्ये आली, मागून आणखी, आणि एकदम धार लागली.

कासमभाई रडायला लागले. रडता रडताच हसले.

"बाई, आता आराम वाटते."

नळी मी काही दिवस तशीच ठेवली. भरपूर पाणी प्या, कुंथू नका, असं बजावलं. पडून राहणं त्यांना काही जमेना. शेवटी हाजराबीनेच गॅरेजमध्ये खुर्ची टाकून दिली. तिथून ते नुसतं इंजिन ऐकायचे आणि पोरांवर ओरडायचे. लघवी स्वच्छ झाली, नळी काढली, तब्येत धरली. हँडल मात्र हाजराबीने घरी कुलपात ठेवलं.

तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत मी कुठल्याच पुरुष पेशंटला नुसतं 'जड उचलू नका' असं सांगितलं नाही. आधी विचारायचे, दिवसभर काय काम करता? आणि उत्तर त्यांच्या बायकोकडून घ्यायचे.