धामणगावचा खोटा पावशा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचं लग्नही. पहिल्या सहलीला मी अजिंठ्याची लेणी धरून बसले होते. पण आमचे हे पडले पक्ष्यांचे अभ्यासक! पावसाळ्याच्या तोंडावर 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा वऱ्हाडात निराळ्या सुरात ओरडतो का, हा ह्यांच्या आयुष्याचा प्रश्न.

मलकापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटीने मोताळा, तिथून बैलगाडीने धामणगाव बढे. तेव्हाचा रस्ता असा, की बसायला उशी नेली नाही म्हणून मी स्वतःला शिव्या दिल्या. शेषराव नावाच्या शेतकऱ्याकडे उतरलो. त्यांच्याकडची चून-भाकर, म्हणजे आपली पिठलं-भाकरी, खाल्ली आणि मी अजिंठा माफ केला.

सकाळी हे आमराईत दडून शीळ घालू लागले. "पेरते व्हा! पेरते व्हा!" नकलेला भुलून खरा पावशा बोलेल, अशी योजना. तो ढिम्म. परतलो तर अंगणात शेषराव सरकीला, म्हणजे कापसाच्या बियाण्याला, शेण चोळत बसलेले.

"पेरणी? आत्ताच?" ह्यांनी विचारलं.

"हाव ना सायेब! पाखरू सकायपासून बोलून राह्यलं. तुमाले आयकू नाई आलं?"

ह्यांचा चेहरा पडला. आभाळात ढगाचा पत्ता नाही. बी टाकलं तर मुंग्यांचीच चंगळ.

"अहो, ते पाखरू म्हणजे मी."

शेषराव पोट धरून हसले. "काईबी सांगता! करून दाखवा बरं."

तोवर गल्ली जमली. सकाळभर शीळ घालून ह्यांचे ओठ सुकलेले; शिळेऐवजी नुसती हवा निघाली. शेषराव बैल जुंपायला उठले.

लग्न झाल्यापासून ती शीळ मी रोज न्हाणीघरातून ऐकत होते. पदर सावरला, ओठांचा चंबू केला आणि भर अंगणात ठोकली: "पेरते व्हा!" चढत्या सुरात, तीनदा.

"आता माय! बाईच पाखरू हाये!" शेषरावांच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

सरकी उन्हात वाळत पडली आणि माझा जीव भांड्यात पडला. शेषराव मात्र काळजीत. "पन बाई, आता खरं पाखरू बोललं तं आमी ओयखावं कसं?"

"आम्ही गेल्यावर बोलेल, ते खरं," मी म्हटलं.

दुपारीच आमची बैलगाडी जुंपली गेली.

ह्यांचा पावशा राहूनच गेला. मला मात्र, खरं सांगते, त्या सहलीत नवऱ्यापेक्षा स्वतःचाच अभिमान जास्त वाटला. हे आजही कौतुकाने सांगतात, माणसं किती प्रेमळ, निम्मं गाव मोताळ्याच्या एसटीपर्यंत पोहोचवायला आलं होतं. मला आठवतं ते वेगळंच. एसटी सुटेपर्यंत ते सगळे माझ्या ओठांकडे बघत होते.