शिवलेलं पान

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. चार ओळी लिहायला बसलो तरी 'तुला कुणी सांगितलं होतं?' असं कुणी म्हणेल, याची धास्ती वाटते. तरीही एका माणसाबद्दल लिहितो आहे, कारण त्याचं जे झालं त्यात माझा हात होता. वाचकांनी एवढं धाडस पोटात घालावं.

स्वतः प्रश्न विचारला की आमच्या गल्लीतला विणकर चाचा डावा कान वर करून थांबायचा, उत्तर छतातून येणार असल्यासारखा. "पूछा है ना, तो सुनना भी," असं म्हणायचा.

आपल्या शहरातले हिमरूचे, म्हणजे रेशमी-सुती नक्षीदार कापडाचे, माग तुम्ही पाहिले असतील. नक्षीच्या मागावर दोन माणसं लागतात. एक खाली खड्ड्यात पाय सोडून विणतो, दुसरा वर फळीवर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढतो. खालच्याने हाक द्यायची, वरच्याने ओ द्यायची, मग धोटा पळवायचा. चाचा खालचा. वरची फळी त्याच्या धाकट्या भावाची. तो भाऊ एका कापसाच्या व्यापाऱ्याबरोबर स्वयंपाकी म्हणून जपानला, कोबे बंदरात गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. फळी रिकामी झाल्यापासून चाचा साधं, बिननक्षीचं कापड विणत होता. आता त्याला कोबेला जाऊन भावाला परत आणायचं होतं.

मी त्याच गल्लीत खोली घेऊन राहायचो. माझे वडील लासूर स्टेशनच्या, जपानला कापूस पाठवणाऱ्या जिनात हमाल. तिथल्या एका कारकुनाकडून मी प्रवाशांसाठीचं जपानी बोलीचं पुस्तक मागून आणलं. ते इंग्रजीत होतं. मी समजून घ्यायचं आणि चाचाच्या वहीत उर्दूत उतरवायचं, असं ठरलं. तो मला 'मुन्शीजी' म्हणायचा, थोडं कौतुकानं, थोडं टोमण्यानं.

"मुन्शीजी, 'हो'ला काय म्हणतात तिकडं?"

"हाय."

"अरे, मग ते तर तुझ्या लासूरचेच की!"

पण त्याला खरं हवं होतं ते एकच वाक्य. 'ओतोतो वा दोको देस् का?' म्हणजे, माझा धाकटा भाऊ कुठं आहे? सरावाला तो मला वर फळीवर बसवायचा. वरून ओ आल्याशिवाय त्याच्या जिभेला लय सापडायची नाही. तो खालून विचारायचा आणि मी वरून म्हणायचो, "कोको देस्." म्हणजे, इथं आहे. त्याचा चेहरा असा उजळायचा की मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

पुढच्या पानावर मी दुसरी उत्तरं लिहिली. 'इमासेन', इथं नाही. 'शिनिमाशिता', वारला. मी ती मोठ्यानं वाचली, तर चाचानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नाय बेटा. अशी बात तोंडातून काढायची नाय. फरिश्ते आमीन म्हणत असतात."

माझी आईही हेच सांगते, फक्त तिच्याकडं वास्तू तथास्तु म्हणते. कॉलेजात शिकत असूनही मला ते पटलं.

"पण चाचा, तिकडं कुणी असं म्हणालं तर?" मी चाचरत विचारलं.

"कोई नहीं बोलेगा."

त्यानं सुई घेतली आणि ते पान पुढच्या पानाला कडेकडेनं रेशमानं शिवून टाकलं. विणकराचे टाके ते, शोधूनही दिसले नसते. मी वही धरून बसलो होतो.

एका दुपारी मला यायला उशीर झाला. गल्लीतच त्याचा प्रश्न ऐकू आला. आणि मग वरून उत्तर आलं, "कोको देस्."

कुणी दुसरा शिकवणारा आला असेल, असं समजून मी आत गेलो. चाचा मागावर पाठमोरा बसला होता.

"उतर आता खाली, मुन्शीजी," वर न बघता तो म्हणाला.

"चाचा, मी आत्ताच येतोय."

तो वळला. आधी माझ्याकडं बघितलं, मग फळीकडं. फळी रिकामी होती. नक्षीच्या दोऱ्यांना भाऊ गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. मीसुद्धा नाही. त्यातली एक दोरी ताणलेली होती. आम्ही बघत असताना ती हळूहळू सैल झाली.

मी दोन पावलं मागं सरलो. चाचा मात्र हसत होता.

"उद्यापासून येऊ नको बेटा. त्यानं ओ दिली."

महिन्याभरात माग विकून तो निघाला. निरोप घेताना वही त्याच्या छातीशी होती. ते टाके उसवा, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सवाल आता पक्का येतो," तो म्हणाला. मी त्याचं गाठोडं उचलून दिलं.

यंदा लासूरचा तो कारकून कंपनीच्या कामानं कोबेला जाऊन आला. त्याच्याकडून कळलं. पत्रं थांबली तेव्हाच भाऊ तापानं वारला होता.

"म्हातारा अजून तिथंच हाय," कारकून म्हणाला. "दारोदार जाऊन इचारतो. लोक सांगतात, हात जोडून सांगतात. 'इमासेन, इमासेन.' ह्याला कळतच नाय. 'अरिगातो' म्हणतो अन् पुढच्या दारी जातो."

"तुम्ही आपल्या बोलीत सांगायचं होतं."

"सांगायला गेलतो ना. 'चाचा, तुमचा भाऊ' एवढंच म्हणलो, तर त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला."

मी वहीबद्दल विचारलं. ती अजून त्याच्या छातीशीच असते म्हणे.

"अन् एक सांगू का? बंदराजवळ एक बंद पडलेली खानावळ हाय. फिरून झालं की तिच्या जिन्याखाली उभा राहतो. वर बघून तेच इचारतो, कान वर करतो. मग हसतो."

"वर कोण राहतं?"

"आता कुणीच नाय. त्याचा भाऊ राहायचा." कारकुनानं आवाज खाली आणला. "काय ऐकत असंल रे तो?"

मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही.