एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

माझं डोकं चटकन तापतं. माझी नणंद म्हणते, इस्त्रीला निदान बंद करायचं बटण तरी असतं. आम्ही दोघी मिळून बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती गिऱ्हाइकांना मी फाडकन बोलले असेन, देव जाणे. त्याची लाज कधी वाटली नाही. वाटली ती एकदाच, एका पितळी बिल्ल्यावरून, आणि ती अजून गेलेली नाही.

शहरापासून तासाभरावर झऱ्याचं उद्यान आहे. जमिनीतून गोडं पाणी वर येतं, त्याचं मोठं कुंड झालंय. भोवती झाडं, बाकं, कपडे बदलायच्या खोल्या, एक चहाची टपरी. पाणी बारा महिने गार आणि इतकं नितळ, की तळाचा खडा न् खडा दिसतो. फक्त झरा जिथून फुटतो तिथे खडक आत गेलाय, त्या कपारीतलं काही दिसत नाही.

कुंडाच्या दाराशी बिल्लेमामा बसतात. साठी उलटलेले, काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या मागे लाकडी फळा, त्यावर ऐंशी खिळे आणि प्रत्येक खिळ्याला दोरीत ओवलेला एकेका नंबराचा बिल्ला. पाण्यात जाणाऱ्याने तो गळ्यात घालायचा आणि बाहेर पडताना परत द्यायचा. कशासाठी, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी काम हवं म्हणून असेल.

त्या रविवारी आम्ही तिघं गेलो होतो, नवरा, नणंद आणि मी. मला पोहता येत नाही. पायरीवर बसून पाय बुडवावेत एवढीच हौस. म्हणून मी बिल्ला न घेता सरळ आत निघाले, तर मागून हाक आली. पायच बुडवणार आहे, म्हटलं मी. त्यावर मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बुडणारा माणूस पायांपासूनच सुरुवात करतो, बाई. बिल्ला घाला."

रांगेतले लोक खो खो हसले. माझा नवराही हसला. झालं, माझं टाळकं सटकलं. बिल्ला घेतला, गळ्यात घातला, पण तासभर पाण्यात पाय सोडून बसले तरी आतली आग काही विझेना. एवढ्या वयाची बाई मी, चार माणसांत माझं हसं केलं!

पाच वाजता शिट्टी झाली. दाराशी बिल्ले परत करायला ही लांब रांग. ओले कपडे, कुडकुडणारी माणसं, आणि मामा एकेक बिल्ला सावकाश खिळ्याला लावतायत. मी म्हटलं, थांब म्हाताऱ्या, तुला दाखवते. बिल्ला ब्लाउजच्या आत सरकवला आणि टपरीच्या मागच्या फटीतून बाहेर पडले. एक बिल्ला गेला तर काय आभाळ कोसळणार होतं? नवऱ्याने विचारलं, बिल्ला दिलास ना? दिला, म्हटलं मी. एक्केचाळीस नंबर होता. चारचा आकडा जरा तिरका ठोकलेला.

दुकानात तो बरा उपयोगी पडला. कापडावर मापाचा कागद ठेवला की पंख्याने उडतो, त्यावर वजन म्हणून मी बिल्ला ठेवायला लागले. नणंदेने विचारलं तेव्हा भंगारात मिळाला म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांनी एक परिचारिका तिचा गणवेश कमरेत सैल करून घ्यायला आली. जुनं गिऱ्हाईक, बोलघेवडी पोर. त्या दिवशी चेहरा उतरलेला होता. मी माप घेता घेता विचारलं, तर म्हणाली, सासऱ्यांच्या कानाचं दुखणं चाललंय, झोप नाही. सासरे काय करतात, विचारलं. झऱ्याच्या उद्यानात असतात, म्हणाली, बिल्ले देतात.

माझ्या हातातली टेप तिथेच थांबली. ती आपली सांगत होती. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी संध्याकाळी फळ्यावर एकोणऐंशीच बिल्ले भरले. सासऱ्यांनी टपरीवाल्याला खोल्या बघायला पिटाळलं, झुडपं बघायला पिटाळलं आणि स्वतः कुंडात उडी घेतली. खाली कपारीत शिरायचे, चाचपायचे, वर यायचे, पुन्हा खाली. सतरा वेळा. शेवटी कानातून रक्त यायला लागलं तेव्हा टपरीवाल्याने दंड धरून ओढून काढलं. उजवा कान कायमचा गेला. दोन दिवस उद्यान बंद ठेवून पाणबुडे आणले, कोणी सापडलं नाही. उद्यानाचे साहेब म्हणाले, कोणीतरी बिल्ला घरी नेला असेल. सासरे ते ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, त्या पितळेच्या तुकड्याचं कोण काय करणार?

तो पितळेचा तुकडा तिच्यापासून हातभर अंतरावर माझ्या टेबलावर होता. मी त्याच्यावर कापड ओढलं.

मग तिने आणखी सांगितलं. तीस वर्षांपूर्वी, मामा नोकरीला नवीन असताना, बिल्ले नव्हते. एका संध्याकाळी खोलीत एका मुलीचे कपडे राहिले. कोणी विसरलं असेल म्हणून त्यांनी घडी करून ठेवले आणि दाराला कुलूप लावलं. सकाळी ती कपारीत सापडली. त्यानंतर त्यांनी घरी बसून पितळी पत्रा कापला, ऐंशी नंबर स्वतःच्या हाताने ठोकले. घरात जेवणं झाली की चमचेसुद्धा मोजतात, असं सांगून ती हसली. मलाही हसावं लागलं. आता रोज सकाळी दार उघडायच्या आधी ते कपारीत उतरतात. डॉक्टरांनी पाण्यात पाऊल टाकायचं नाही असं बजावलंय, तरी उतरतात.

हे सगळं ऐकूनही मी कंबर किती सैल करू, एवढंच विचारलं. ती गेल्यावर मशीनवर बसले तर सुईत दोरा ओवता येईना. शेवटी नणंदेला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, पाकिटात घालून टपालाने पाठव, नाव कशाला कळायला हवं? मलाही ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, पाकीट चिकटवूनही झालं होतं. पण रोज सकाळी पाण्यात उतरणारा तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना. नुसता बिल्ला मिळाला तर ते म्हणतील, पाण्यातून वाहत कुठेतरी निघाला असेल. त्यांना बिल्ला नको होता, माणूस हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गेले. वाटेत वाक्य घोकून ठेवलं होतं, चुकून पिशवीत राहिला म्हणून. दाराशी रांग होतीच. माझी पाळी आली तशी बिल्ला पुढे केला आणि हळूच ते वाक्य म्हटलं.

मामांनी बिल्ल्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "उजवा कान गेलाय, डाव्यात कापूस आहे. मोठ्याने सांगा."

मागे पंधरा-वीस माणसं होती. घोकलेलं वाक्य मोठ्याने म्हणवेना. हळू आवाजात जे खपलं असतं ते तसं ओरडून सांगायची माझी छाती झाली नाही.

"मी मुद्दाम नेला, मामा. तुम्ही माझं हसं केलंत म्हणून. बुडलं कोणी नव्हतं. मीच होते ती."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं. त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं, अगदी सावकाश, चप्पलसुद्धा पाहिली.

"तुम्हीच एक्केचाळीस?"

"हो."

"म्हणजे खाली कोणी नाही."

ते स्टुलावर मटकन बसले. डोळे पुसले, बिल्ला खिळ्याला लावला, दोरी सरळ केली. मग शेजारच्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे बसा जरा. मला दिसाल अशा."

मी बसले. लोक माझ्याकडे बघत आत जात होते, काही जण कुजबुजत होते. मान वर करायची हिंमत नव्हती. मामा बिल्ले देत होते आणि मधेच मागे वळून मी आहे ना ते बघत होते. दुपार गेली. एकदा टपरीवाल्याने चहा आणून दिला, तोही त्यांनीच सांगितलेला.

पाच वाजता शिट्टी झाली. रांग सरली. मामा फळ्यासमोर उभे राहिले, एकेका बिल्ल्याला बोट लावत मोजलं, ऐंशी भरले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग दाराला कुलूप लावून माझ्याकडे आले.

"जा आता घरी," म्हणाले.

"मामा, मला..."

त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नव्हतं.