उस्तादाचा बिल्ला

वेल्डिंगच्या वर्गात मुलं यायची ती नाइलाजाने. दुसरीकडे कुठे डाळ शिजली नाही की घरचे इथे आणून टाकायचे. मास्तर घसा फोडून शिकवायचे आणि मुलं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायची.

"इतकी वर्षं लोखंड जोडतोय," मास्तर बायकोला म्हणायचे, "पण ही पोरं काही कामाला चिकटत नाहीत."

लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी भाची एकदा म्हणाली, "मामा, त्याचा खेळ करून टाका. गुण द्या, पायऱ्या ठेवा, कोण कितव्या पायरीवर ते फळ्यावर लिहा."

"मिसरूड फुटलेली पोरं आहेत गं ती."

"करून तर बघा."

मास्तरांनी केलं. सरळ जोडाला गुण, आवरलेल्या टेबलाला गुण आणि सगळ्या पायऱ्या चढल्या की 'उस्ताद' कोरलेला पितळी बिल्ला. बघता बघता वर्गाचा नूर पालटला. मुलं कुलूप उघडायच्या आधीच दाराशी हजर. मग त्यांनीच हट्ट धरला, लवकर संपवणाऱ्यालाही गुण हवेत, नाहीतर मजा काय. मास्तरांना ते पटलं नव्हतं, पण रंगलेला वर्ग मोडवेना. ते हो म्हणाले.

सगळ्यात जास्त बदलली ती अबोली. फारसं बोलत नाही म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. शाळेत दोनदा नापास झालेली मुलगी फळ्यावर सगळ्यांच्या वर जाऊन बसली.

बिल्ल्याच्या फेरीत तिने जोड सुरेख घातला. जोडावर जमलेली जळक्या मळीची गरम खपली हातोडीने उडवायची तेवढी राहिली होती. शेजारचा मुलगाही संपवत आला होता. तिने तोंडावरचा मुखवटा वर सारला आणि डोळे जपणारा चष्मा न घालताच हातोडी मारली. मास्तर धावले, तोवर खपली डोळ्यात गेली होती.

उजवा डोळा वाचला नाही.

मास्तर तिच्या घरी गेले तेव्हा वडिलांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "सर, तुम्हाला काय बोलू? आमची पोर पहिल्यांदाच कशात तरी पुढे गेली होती."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

डोळ्याला पट्टी बांधलेल्या अबोलीने हळूच विचारलं, "सर, जोड कसा झाला होता?"

"चांगला झाला होता, बाळा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पुसून टाकला. प्राचार्य म्हणाले, "अहो, हजेरी केवढी वाढली होती. वेळेचे गुण बंद करा, बाकीचं चालू द्या."

"माझ्याच्याने होणार नाही," मास्तर म्हणाले.

मुलं एकेक करून गळत गेली. अबोली परतली नाही. आता मास्तर आधी प्रत्येकाचा चष्मा हाताने चाचपून बघतात, मगच काम सुरू करू देतात. तरीही एखादं पोर भान हरपून कामाला लागलेलं दिसलं की ते हातातलं टाकून त्याच्याजवळ जातात आणि चष्मा पुन्हा चाचपून बघतात.