खालाबीचा खलबत्ता

धने कुटल्याचा वास आला की आजही माझ्या अंगात हुरूप संचारतो! त्या कोरड्या, गोडसर दरवळात वाळल्या गुलाबपाकळ्यांचा गंध मिसळला असेल, तर मग विचारूच नका. हातातलं काम तसंच टाकून मी मनानं उमापूरला, खालाबीच्या माजघरात जाऊन बसते. लोक कशाकशाला तीर्थ म्हणतात! माझं तीर्थ म्हणजे एक काळा दगडी खलबत्ता.

तेव्हा मुलूख निजामाचा होता आणि मी नवी आई. लेकरू गोजिरं, घरात दूधदुभतं, मग दुःख कसलं? पण बाळंतपणानंतर माझ्या मनात एक भयंकर चित्र उमटू लागलं. बाळाला कडेवर घेतलं की परसातला आड दिसे आणि वाटे, हे आपल्या हातून त्यात पडेल. नव्हे, आपणच टाकू. ज्याच्यावरून जीव ओवाळून टाकावा, त्याच्याविषयी असा विचार! सांगणार तरी कुणाला? मी बाळाला घेणंच सोडलं. पाजायचं आणि लगेच आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या ओटीत द्यायचं. गावात कुजबुज सुरू झाली. लिंबू उतरवून झालं, दर्ग्यातला गंडा बांधून झाला, आणि अखेर आत्याबाईंनी गाडी जुंपायला सांगून मला उमापूरला नेलं.

खालाबी हकिमांच्या घरची. पुरुषांची नाडी हकीमसाहेब ओसरीवर बघत, बायकांची ती आत, पडद्यामागं. मला वाटलं, नाडी बघेल, पुडी देईल, सुटले! पण तिची तऱ्हाच निराळी. जिचं औषध तिनंच, खालाबीसमोर बसून कुटायचं. खलात बघते तर काय, धने आणि बडीशेप! अहो, हे तर आमच्या उतरंडीत भरलेलं होतं! एवढ्यासाठी का बैल दमवले? चिडून मी बत्ता हाणू लागले. ती समोर गुलाबाच्या पाकळ्या निवडत बसली; ना उपदेश, ना घाई. हळूहळू हात लयीत आला, हातामागून श्वासही लयीत आला, आणि इतके दिवस आत कोंडलेलं ते वाक्य मला न विचारताच ओठांवर आलं.

"खाला, मला वाटतं, मी लेकराला आडात टाकीन."

ती दचकली नाही. तिनं कानाला हात लावले नाहीत. एक पाकळी बाजूला ठेवून, ताप कधीपासून येतो असं विचारावं तितक्या सहजपणे तिनं विचारलं, "कवापासून वाटतंय, बेटी?"

काय सांगू तुम्हाला! त्या एका साध्या प्रश्नानं माझं पाप क्षणात दुखणं झालं. दुखण्याला आरंभ असतो, म्हणजे त्याला उतारही असणारच ना? खालाबी म्हणाली, याच खलापुढं असं सांगणारी मी पहिली नव्हते. आणि एका खेपेत हे सुटणार नाही, पुढच्या बाजाराला ये. मी जात राहिले. कधी नुसती रडले, कधी हट्टानं गप्प बसले, कधी चक्क हसले! मनुष्याचं मन उघडायला किती अल्प सामग्री लागते! भीती पुढंही येई, पण आता ती आली की मी तिला ओळखत असे आणि बाजाराच्या दिवसाची वाट बघत असे. बाळाला मात्र अजून एकटीनं घेतलं नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी मी आत जायला उठले, तर आत्याबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. प्रत्येक खेपेला त्या बाळाला घेऊन खालाबीच्या अंगणात, तिथल्या आडाजवळच्या लिंबाखाली बसत, अवाक्षर न बोलता. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या,

"आज मी कुटते. मला बी सांगायचं हाय. तू लेकराला घे."

आणि बाळ माझ्या हातात देऊन त्या पडद्यामागं गेल्या. म्हणजे इतके दिवस माझ्या शेजारी गाडीत बसून त्यांनीही काही कोंडून ठेवलं होतं! काय, ते मला कधीच कळलं नाही; मी विचारलंही नाही. अंगणात आड होता, मी होते, आणि माझं लेकरू. तेवढ्यात आतून बत्त्याचा आवाज सुरू झाला, आधी अडखळत, मग एकसारखा, आणि धन्यांचा तो वास अंगणभर पसरला. मी लिंबाखाली बसले, बाळाला उराशी धरलं, आणि आतला आवाज थांबेपर्यंत खाली ठेवलं नाही.